टाकणें आणि ठेवणें

‘दृष्टीआड सृष्टि’ ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळलेली आहे कीं, तिच्यांत कांहीं नीतिविचार दडलेला असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. स्वयंपाकघरांत काय चालतें तें जेवणाऱ्यानें पाहूं नये, म्हणजे घांस सुखानें घशाखालीं उतरतो, इतपतच तिचा नेहमींचा उपयोग. परंतु ह्या म्हणीचा खरा प्रांत पाहावयाचा असेल तर समुद्राकडे जावें. मनुष्याच्या दृष्टीआड असलेली एवढी मोठी सृष्टि पृथ्वीवर दुसरी नाहीं. किनाऱ्यावर उभें राहून आपण जें पाहतों तें समुद्राचें नुसतें झांकण असतें. त्या झांकणाखालीं जें म्हणून सोडावें तें क्षणार्धांत नाहींसें होतें. वर चार तरंग उठतात, तेहि मावळतात, आणि सोडणाऱ्याचें मन मोकळें होतें. म्हणूनच मनुष्यजात आपणांस नकोशा झालेल्या वस्तु पिढ्यान् पिढ्या समुद्रास देत आली, आणि आपण कांहीं टाकीत आहों असें तिला फारसें कधीं वाटलें नाहीं.

विसाव्या शतकांत मात्र दोन नव्या गोष्टी घडल्या. एक अशी कीं, मनुष्य आपला श्वास पाठीवर बांधून त्या झांकणाखालीं उतरूं लागला. दुसरी अशी कीं, समुद्राचें हित व्हावें ह्या उघड हेतूनें तो मोठमोठ्या वस्तु समुद्राच्या तळीं नेऊन सोडूं लागला. ह्या वस्तूंच्या राशीस ‘कृत्रिम प्रवाळभित्ति’ असें नांव मिळालें, आणि किनाऱ्याजवळच्या अशा भित्तींवर स्कूबा डायव्हिंग करणें हा आतां देशोदेशींच्या हौशी लोकांचा आवडता छंद झाला आहे. ह्या दोन गोष्टी जेथें एकत्र येतात तेथें एक जुनाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहतो. एखादी वस्तु आपण दुसऱ्याच्या कल्याणासाठीं म्हणून हातावेगळी करतों, तेव्हां ती आपण दिली कीं टाकली, हें ठरवावयाचें कशावरून? देणाऱ्याच्या हेतूवरून, घडलेल्या परिणामावरून, कीं आणखी कशावरून? ह्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

कृत्रिम प्रवाळभित्ति म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ पुष्कळ ठिकाणीं नुसत्या वाळूचा किंवा चिखलाचा असतो. असा तळ म्हणजे झाड-झुडूप नसलेलें माळरान. पाण्यांत असंख्य सूक्ष्म जीव बाल्यावस्थेंत तरंगत असतात. कालवें, स्पंज, प्रवाळ ह्या सर्वांचें बालपण प्रवाहाबरोबर भटकण्यांत जातें, आणि पुढें कोठें तरी कठीण पृष्ठभाग मिळाला तरच त्यांस कायमचें घर करतां येतें. अशा माळरानावर दगड, काँक्रीटचे ठोकळे किंवा एखादें जुनें जहाज नेऊन ठेविलें म्हणजे लौकरच त्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो. मागाहून कालवें येतात. त्यांच्या फटींत खेकडे शिरतात. त्यांस खाण्यास मासे, आणि त्या माशांस खाण्यास त्यांहून मोठे मासे येतात. ओसाड जागेंत एक विहीर खणावी आणि तिच्याभोवतीं हळूहळू वस्ती व्हावी, तसाच हा प्रकार आहे.

ही युक्ति नवी नाहीं. बुडालेल्या गलबताभोवतीं मासे जमतात हें कोळ्यांनीं फार पूर्वींच ताडलें होतें. जपानांत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांबूचे व लांकडाचे सांगाडे मुद्दाम समुद्रतळीं सोडीत असत. आपल्या देशांतहि केरळ व तामिळनाडु येथील कोळी झाडांच्या फांद्या, नारळीच्या झावळ्या आणि दगड बुडवून तोच हेतु साधीत आले आहेत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जो कोळी फांद्या बुडवितो तोच दुसऱ्या दिवशीं तेथें जाळें घेऊन जातो. आपण बुडविलेल्या वस्तूचें पुढें काय झालें, हें त्याला कळल्यावांचून राहत नाहीं. त्याचें पोटच त्याला तें कळवितें.

नगरवासी मनुष्याची गोष्ट निराळी. त्याला समुद्राच्या तळाचें ज्ञान फार उशिरां झालें. शिशाची वजनें दोरीला बांधून खोली मोजावी, जाळ्यांत वर येईल त्यावरून खालचें अनुमान करावें, एवढेंच त्याचें साधन होतें. जाड पोशाख व धातूचें शिरस्त्राण घालून उतरणारे पाणबुडे एकोणिसाव्या शतकांत होते खरे. परंतु ते वरच्या नळीला बांधलेले कामगार होते. १९४३ मध्यें फ्रान्स देशांत झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां ह्या दोघांनीं, श्वास ओढतांच लागेल तेवढीच हवा भोंवतालच्या दाबानें देणारें यंत्र सिद्ध केलें आणि ती नळी तुटली. तेव्हांपासून सामान्य मनुष्य वीस-तीस मीटरांपर्यंत मोकळेपणीं उतरून इकडेतिकडे पाहूं लागला.

हें पाहणें फुकटांत मिळत नाहीं. दहा मीटर खालीं गेलें कीं अंगावरचा दाब दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. खालीं छातीभर घेतलेला श्वास तसाच कोंडून जो वर येईल त्याचीं फुप्फुसें फाटण्याचा धोका असतो. म्हणून श्वास कधींहि रोखूं नये, हा ह्या विद्येचा पहिला नियम. दाबामुळें रक्तांत विरघळलेला नत्रवायु घाईनें वर आल्यास बुडबुडे होऊन बाहेर पडतो व मनुष्यास पंगु करूं शकतो. जॉन स्कॉट हाल्डेन ह्या शास्त्रज्ञानें बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्यें सावकाश वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि तेव्हांपासून आजतागायत ‘हळू या, मध्यें थांबा’ हाच उपदेश पाणबुड्यांस केला जातो. पाण्यांत तांबडा रंग प्रथम नाहींसा होतो. वस्तु आहे त्याहून मोठी व जवळ दिसते. आवाज कोणत्या दिशेनें आला तें उमगत नाहीं. ग्रंथालयाचा जिना चढतांना ज्यांस धाप लागते अशा आमच्यासारख्यांनीं ह्या विद्येचें गुणगान करावें हें कदाचित् हास्यास्पद होईल. तथापि आपल्या इंद्रियांवर सर्वस्वीं विसंबूं नये, सोबत्यास सोडून जाऊं नये आणि वर येण्याची घाई करूं नये, असें शिकविणारी विद्या नीतिशास्त्राच्या अध्यापकास परकी वाटूं नये, हें साहजिक आहे.

आतां मुख्य कथेकडे वळूं. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत फोर्ट लॉडरडेल नांवाचें शहर आहे. त्या शहराच्या किनाऱ्यापासून सुमारें दोन किलोमीटरांवर, वीस मीटर खोल पाण्यांत, १९७२ च्या सुमारास मोटारींचे जुने टायर बुडविण्याचें काम मोठ्या उत्साहानें सुरू झालें. जमिनीवर निरुपयोगी टायरांचे डोंगर साचले होते. त्यांत पावसाचें पाणी साठून डांस होत, एखाद्या राशीस आग लागली तर ती विझतां विझत नसे. हेच टायर पोलादी पट्ट्यांनीं व नायलॉनच्या दोऱ्यांनीं एकत्र बांधून तळाशीं ठेवावे, त्यांवर प्रवाळ धरेल, मासे येतील, मासेमारीस बरकत येईल आणि जमिनहि स्वच्छ होईल, असा विचार झाला. ह्या कामांत स्वयंसेवक होते, शंभराहून अधिक होड्या स्वखुषीनें आल्या होत्या, सरकारची संमति होती. आरंभाच्या समारंभांत एक सोनेरी रंगाचा टायर आकाशांतील वायुनौकेंतून समुद्रांत सोडण्यांत आला. एकूण वीस लाखांच्या आसपास टायर सुमारें ३६ एकर तळावर पसरले गेले, असा अंदाज आहे. ऑस्बोर्न रीफ ह्या नांवानें ही जागा ओळखली जाते.

पुढें काय झालें? खाऱ्या पाण्यानें पोलाद गंजलें, दोऱ्या सुटल्या. टायर हलका, प्रत्येक वादळाबरोबर तो तळावर गडगडत जाऊं लागला. जी वस्तु स्वतःच स्थिर नाहीं तिच्यावर प्रवाळाचें घर कसें बसावें? कांहीं अंतरावर निसर्गानें शतकानुशतकें रचलेली खरी प्रवाळभित्ति होती. सुटलेले टायर तिच्यावर जाऊन आदळले व जिवंत प्रवाळ चिरडूं लागले. जें प्रवाळांस घर म्हणून दिलें तेंच प्रवाळांच्या घरावर चालून आलें. २००७ पासून अमेरिकन सैन्याचे पाणबुडे तेथें उतरून हातांनीं टायर वर काढूं लागले. २००९ पर्यंत सुमारें ७३ हजार निघाले. नंतरहि काम अनेकदां चालू करावें लागलें. टाकण्यास थोडाच काळ पुरला. काढण्यास दशकें पुरत नाहींत.

ह्या कथेंत खलपुरुष नाहीं, म्हणूनच ती नीतिशास्त्राच्या दृष्टीनें मोलाची आहे. कोणी कपट केलें असतें तर प्रश्नच उरला नसता. आपण त्या कपट्यास दोष देऊन स्वस्थ बसलों असतों. परंतु येथें हेतु चांगला होता, निदान चांगला आहे अशी सर्वांची मनापासून समजूत होती. आणि योगायोग असा कीं, त्याच १९७२ सालीं लंडन येथें समुद्रांत कचरा टाकण्यास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारानें टाकण्याची व्याख्या करतांना एक भेद स्पष्ट केला: केवळ विल्हेवाट लावणें हा ज्याचा हेतु नाहीं अशा रीतीनें एखादी वस्तु समुद्रांत ठेविली, आणि तें ठेवणें कराराच्या उद्देशांस बाधक नसलें, तर तें टाकणें नव्हे. म्हणजे कायद्यानेंहि ‘टाकणें’ आणि ‘ठेवणें’ हे दोन शब्द निराळे मानले, आणि त्यांमधील सीमारेषा मुख्यत्वें हेतूनें आंखली.

हेतु हीच सीमारेषा पुरेशी आहे काय? सदिच्छेचा सर्वांत मोठा कैवारी म्हणजे जर्मन तत्त्ववेत्ता कांट. १७८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नीतिविषयक ग्रंथांत तो म्हणतो कीं, सदिच्छेला यश आलें नाहीं तरी तिचें मोल कमी होत नाहीं. ती स्वतःच्याच तेजानें रत्नासारखी चमकते. हें वचन पुष्कळांस तोंडपाठ असतें. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें जी अट घातली आहे ती मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. सदिच्छा म्हणजे नुसती मनांत आलेली इच्छा नव्हे. आपल्या हातीं असलेलीं सर्व साधनें एकवटून केलेला प्रयत्न ती मागते. ह्या कसोटीवर सोनेरी टायर टिकत नाहीं. खालीं उतरून पाहण्याचें साधन १९७२ मध्यें उपलब्ध होतें. पोलाद खाऱ्या पाण्यांत गंजतें हें ज्ञानहि त्यापूर्वीं मनुष्यास होतें. तेव्हां ज्यास आपण सदिच्छा म्हणतों तिच्यांत इच्छेचा भाग किती आणि सोईचा किती, हें तपासून पाहिलें पाहिजे. नको असलेली वस्तु दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल, ही कल्पना मनुष्यास फार गोड वाटते. कारण तिच्यांत एकाच कृतीनें घर स्वच्छ होतें आणि पुण्यहि पदरांत पडतें. जेथें आपली सोय आणि परोपकार इतके नेमके जुळून येतात, तेथें आपण दुप्पट सावध असलें पाहिजे.

तर मग परिणामावरूनच निर्णय करावा, असें उपयुक्ततावादी म्हणतील. ह्यांतहि अडचणी आहेत. पहिली अशी कीं, परिणाम केव्हां मोजावा? फोर्ट लॉडरडेलच्या त्या राशीकडे पहिल्या वर्षीं पाहिलें असतें तर टायर जागच्या जागीं दिसले असते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कृत्रिम भित्तीभोवतीं माशांची गर्दी दिसते. पाणबुड्या ती पाहून हर्षानें वर येतो आणि म्हणतो, पाहा, येथें कांहीं नव्हतें, आतां केवढी समृद्धि झाली! परंतु हे मासे येथें नव्यानें वाढले, कीं भोंवतालच्या दहा ठिकाणांहून येथें गोळा झाले? जेम्स बॉनसॅक ह्या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञानें १९८९ मध्यें हाच प्रश्न मांडला, आणि त्यावर शास्त्रज्ञांत दीर्घ वाद झाला. मासे नुसते गोळा होत असतील तर त्यांस पकडणें सोपें होतें, आणि उपकार म्हणून उभारलेली भित्ति सापळा ठरते. गांवांत नवी पेठ वसली म्हणजे संपत्ति वाढली कीं नुसतीं दुकानें हललीं, हा अर्थशास्त्रांतला प्रश्नहि ह्याच जातीचा आहे. सारांश, डोळ्यांस दिसणारी भरभराट हा कल्याणाचा पुरावा होतोच असें नाहीं. परिणाम पाहावयाचा तर एकदां पाहून भागत नाहीं. तो पुनः पुनः, मोजून, आणि आपल्या मताविरुद्ध जाणारें उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून पाहावा लागतो.

येथें आम्हांस आपल्या भाषेचें साहाय्य घ्यावेंसें वाटतें. मराठींत ‘टाकणें’ ही क्रिया हातांतून वस्तु सुटतांच पुरी होते. ‘ठेवणें’ ही क्रिया तशी पुरी होत नाहीं. आपण पेढींत ठेव ठेवितों, देवापुढें दिवा ठेवितों, मुलास आजोळीं ठेवितों, कोणाचा मान ठेवितों, लक्ष ठेवितों. ह्या प्रत्येक ठिकाणीं वस्तु हातांतून गेली तरी तिच्याशीं असलेलें आपलें नातें शाबूत असतें. तेल संपलें तर आपणच घालावयाचें, मूल आजारी पडलें तर आपणच धांवावयाचें. टाकलेल्या वस्तूविषयीं कोणी विचारलें तर ‘ती आतां माझी नाहीं’ हें उत्तर चालतें. ठेविलेल्या वस्तूविषयीं तें चालत नाहीं. आमच्या मतें दान व विल्हेवाट ह्यांमधील खरी सीमारेषा हीच होय. ती सोडतांनाच्या हेतूंतहि नाहीं आणि पुढें घडलेल्या परिणामांतहि नाहीं. सोडल्यानंतर आपण तिच्याबद्दल उत्तर देण्यास बांधलेले राहतों कीं नाहीं, ह्यांत ती आहे. हेतु शुद्ध असूनहि जो मागें वळून पाहत नाहीं त्यानें वस्तु टाकली. परिणाम वाईट होऊनहि जो खालीं उतरून ती वर काढूं लागतो त्यानें, उशिरां कां होईना, ती ठेविली.

ह्यावर आपल्याकडील सुशिक्षित वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो भारदस्त आहे. तो म्हणेल, कर्म करावें आणि फळाची आशा सोडावी, हीच तर गीतेची शिकवण. ‘नेकी कर, दर्या में डाल’ ही हिंदुस्थानी म्हणहि तेंच सांगते. केलेल्या उपकाराकडे वळून पाहणें हें अहंकाराचें लक्षण नव्हे काय? आम्ही असें म्हणतों कीं, फळाची आशा आणि फळाची काळजी ह्या दोन अगदीं भिन्न वृत्ति आहेत. आशा स्वतःसाठीं असते. काळजी दुसऱ्यासाठीं असते. आईनें मुलाकडून परतफेडीची आशा सोडावी, ह्याचा अर्थ त्याचा ताप उतरला कीं नाहीं तें पाहूं नये असा कोणी करील काय? टिळकांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्यां’त निष्काम कर्माची सांगड लोकसंग्रहाशीं घातली आहे, आणि लोकांचें धारण ज्यास करावयाचें आहे त्यास आपल्या कर्माचें लोकांवर काय झालें ह्याकडे पाठ फिरवितां येत नाहीं. दर्यांत टाकावयाचा असतो तो उपकाराचा अभिमान. उपकाराची जबाबदारीहि त्याच्याबरोबर बुडवून मोकळें होणें हा निष्कामपणा नव्हे. हा निष्काळजीपणा आहे, आणि पहिल्याचें नांव दुसऱ्यानें फार दिवस वापरलें आहे.

हें सर्व अमेरिकेचें झालें. आपल्या घरांत डोकावून पाहिलें तर? आपण निर्माल्य नदींत सोडतों, आणि ‘सोडणें’ ह्या सौम्य शब्दामुळें तें टाकल्यासारखें वाटत नाहीं. मातीची मूर्ति पाण्यांत विरघळते, म्हणून विसर्जनाच्या कल्पनेंत कांहीं सत्य होतें. जेथून आलें तेथें तें परत गेलें. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ति तशी विरघळत नाहीं, आणि ओहोटीच्या वेळीं वाळूंत पडलेले देवाचे हात पाहून भाविकाचें मन कळवळतें. तोहि बहुधा दुसऱ्या दिवशीं किनाऱ्यावर गेलाच नाहीं तर कळवळत नाहीं. घरांतील फाटके कपडे आपण आश्रमास देतों. जुन्या अभ्यासक्रमाचीं, कोणीहि वाचणार नाहीं अशीं पुस्तकें खेड्यांतील वाचनालयास ‘भेट’ म्हणून पाठवितों. तेथें तीं कपाट अडवून बसतात, आणि आपल्या घरांतील कपाट मोकळें होतें. वडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई बांधतों, संगमरवरी पाटी बसवितों. दोन वर्षांनीं नळ कोरडा असतो, पाटी मात्र शाबूत असते. ह्या सर्वांत वाईट मनुष्य कोणीच नाहीं. फक्त खालीं उतरून पाहणारा कोणी नाहीं.

आतां हा प्रश्न आपल्या कोंकणच्या दारीं येऊन ठेपला आहे, म्हणून तो नुसत्या चर्चेचा राहिला नाहीं. ‘गुलदार’ ही ऐंशी मीटरांहून अधिक लांबीची युद्धनौका १९८५ मध्यें भारतीय नौदलांत दाखल झाली आणि २०२४ च्या जानेवारींत निवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत निवतीच्या खडकांजवळ ती समुद्रतळीं नेऊन तिचें पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ति करावी, अशी योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें आंखली, आणि २०२५ मध्यें नौका महामंडळाच्या स्वाधीन झाली. तारकर्ली-मालवणच्या बाजूस डायव्हिंगसाठीं येणाऱ्यांची रीघ आधींपासूनच लागलेली आहे. ह्या कल्पनेस आमचा विरोध नाहीं. पोलादी जहाज म्हणजे सुटा टायर नव्हे. तें आपल्या वजनानें जागीं बसतें. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर डन्स्बरो गांवाजवळ ‘स्वान’ नांवाची निवृत्त युद्धनौका १९९७ मध्यें अशाच हेतूनें बुडविण्यांत आली. तिच्यांतील तेल, तारा, दारें आधीं काढून टाकलीं, पाणबुड्यास आंत अडकून पडावें लागूं नये म्हणून बाजूंस वाटा कापल्या, आणि मगच ती सुमारें तीस मीटर पाण्यांत सरळ उभी बसविली. पूर्वतयारी हें ठेवण्याचें पहिलें लक्षण होय.

परंतु तें पहिलेंच लक्षण आहे, शेवटचें नव्हे. लोखंड गंजतें, आज जी भिंत आहे ती कांहीं दशकांनीं कोसळणार. रापण ओढणारा मच्छीमार आणि हौसेनें उतरणारा प्रवासी ह्या दोघांचाहि समुद्र एकच आहे. खडकापाशीं मासा असतो हें मच्छीमारास ठाऊक असतें, आणि खडकांत जाळें फाटतें हेंहि त्यासच ठाऊक असतें. तेव्हां एखादी नौका बुडविण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न ‘ती किती सुंदर दिसेल’ हा नाहीं. दहा वर्षांनीं, वीस वर्षांनीं, समारंभाचे फोटो पिवळे पडल्यावर, तिच्यापाशीं कोण उतरेल, काय मोजील, आणि जें आढळेल तें कोणास सांगेल, हा खरा प्रश्न आहे. ज्या योजनेंत ह्या प्रश्नाचें उत्तर आहे ती ठेवण्याची योजना. ज्या योजनेंत तें नाहीं तिचें नांव कितीहि गोड असलें तरी ती टाकण्याचीच योजना.

येथेंच स्कूबा डायव्हिंगच्या छंदास एक गंभीर अर्थ प्राप्त होतो. पाणबुड्या हा दृष्टीआड असलेल्या सृष्टींत समाजानें पाठविलेला डोळा आहे. कुस्तोचेंच उदाहरण पाहा. समुद्राचा तळ ज्यानें स्वतः पाहिला होता त्यानेंच १९६० मध्यें, किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रांत टाकण्याच्या बेताविरुद्ध फ्रान्समध्यें आवाज उठविला. ज्यांनीं तळ पाहिला नव्हता त्यांस तो बेत सोईस्कर वाटत होता. पाहिलेल्या जागेंत कचरा टाकणें मनुष्यास कठीण जातें. मात्र पाहण्याचेहि दोन प्रकार आहेत, आणि त्यांसाठीं आपल्या भाषेंत दोन शब्द आहेत: देखावा आणि देखरेख. एकाच देखण्यापासून दोन्ही निघाले. जो केवळ देखावा पाहून, चार छायाचित्रें घेऊन वर येतो, त्याच्यासाठीं समुद्रतळ हें दुसरें नाट्यगृह झालें. जो तोच मासा, तीच भेग, तोच गंज पुढच्या वर्षीं पुनः पाहण्यास जातो, त्याच्या छंदाची देखरेख होते. भित्ति किनाऱ्याजवळ असण्याचें महत्त्वहि ह्यांतच आहे. जवळ असलेल्या वस्तूस पुनः भेटतां येतें.

शेवटीं एक शंका उरते. उपकाराची जबाबदारी अशी कधींच संपत नसेल, तर भित्रीं माणसें उपकारच करणार नाहींत. त्यापेक्षां थोडा निष्काळजी परोपकार परवडला, असें कोणी म्हणेल. ह्या शंकेंत तथ्य आहे, आणि तिचें उत्तर प्रमाणांत सांपडतें असें आम्हांस वाटतें. एकट्या मनुष्यानें सर्व जन्म पहारा करावा असें नाहीं. वाटून घ्यावा, मागच्या पिढीनें पुढच्या पिढीच्या हातीं द्यावा. संस्था म्हणून आपण जें उभारतों तें ह्याचसाठीं. परंतु जितक्याचा पहारा आपल्याच्यानें व आपल्या संस्थांच्यानें होईल तितकेंच ठेवावें. वीस लाख टायरांवर कोणी लक्ष ठेवूं शकत नव्हतें. वीस दगडांवर एक गांव ठेवूं शकतें. दात्याच्या उत्साहास दात्याच्या धीरानेंच माप घालावें. समुद्र कांहीं विचारीत नाहीं, वाचनालयाचें कपाट विचारीत नाहीं, कोरडा नळहि विचारीत नाहीं. आणि न विचारणाऱ्यास उत्तर देण्याची संवय लावून घेणें ह्यापेक्षां कठीण आणि ह्यापेक्षां आवश्यक असें नीतीचें शिक्षण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.